सरासरीबाहेरची पावनी

कन्नड मुलखातल्या एका शहराच्या कडेच्या हिनकलची पावनी त्याच शहरातल्या विजयनगर भागात एका शाळेत गणित शिकवते. लहानपणच्या अपघातानंतर ती व्हीलचेअरवर आहे. तिची रोजची ने-आण वडील, गुंडेराव, गाडीतून करायचे. गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि गाडी चालवणं सुटलं. रिक्षावाले खुर्ची पाहून पुढे निघून जात. शाळेला दांड्या पडू लागल्या.

"सुम्ने, आपलं नुसतं घरीच शिकवण्या घे की," गुंडेराव काळजीने म्हणत. तिला मात्र वर्ग हवा होता.

त्याच सुमारास तिला निनाद भेटला. पुण्याहून आलेला हा तरुण एका संस्थेसाठी पाहणी करत होता: शहरात कोण कुठे किती सहज पोचतं. हिनकलच्या वेगवेगळ्या माणसांनी बसने एकाच इस्पितळात जायचं आणि लागलेला वेळ कळवायचा. कॉलेजातली मुलगी पोचली, तान्हं बाळ घेतलेली आई पोचली, काठी टेकत एक आजोबाही पोचले. पावनीसमोरून बसमागून बस गेली. पायऱ्या उंच, चढवणारं कुणी नाही. शेवटी ती घरी परतली.

अहवालाच्या मसुद्यातल्या नकाशावर हिनकल हिरवं होतं, म्हणजे ये-जा सोपी. पावनीची नोंदच नव्हती. तिने फोन लावला. निनाद संकोचून म्हणाला, की ती पोचलीच नाही, मग सरासरीत वेळ कोणता धरायचा?

"मग सरासरी काढू नका," पावनी म्हणाली. "पोचले नाही, हेच माझं उत्तर. ते गाळलंत तर मीच गाळली गेले."

निनादला ते पटलं. त्याने प्रत्येकासाठी वेगळा नकाशा केला. आजोबांच्या नकाशावर हिनकल पिवळं झालं, आईच्या नारिंगी, पावनीच्या लालभडक. शहराच्या वाहतूक बैठकीत ते नकाशे तिनेच कन्नडमध्ये समजावले, वर्गात शिकवावं तसे. पहिल्यांदा नुसत्या माना डोलल्या. ती पुन्हा गेली, आणि पुन्हा.

उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता थांब्याला उतार झाला. त्या मार्गावर बुटकी, बिनपायऱ्यांची बस सुरू झाली. कंडक्टरने दारातली फळी उघडून टाकली आणि तो म्हणाला, "बन्नी मेडम, या." खुर्ची ढकलायला पुढे झालेले गुंडेराव तिच्याकडे पाहून थांब्यावरच राहिले. पावनी स्वतःच चाकं फिरवत आत गेली.

विजयनगर आलं. शाळा उघडायला दोन दिवस होते, पण तिला नुसतं येऊन बघायचं होतं. इथवर पोचता येतं हे दिसलं, तशी ती उतरलीच नाही. त्याच बसने सरळ पुढे मार्केटला गेली आणि तिथून वडिलांना फोन केला.

"अप्पा, रात्रीला भाजी कुठली आणू?"