अर्धा कोयता

ये, अशी जवळ ये बरं. आणि आधी तो नळ बंद कर. दर रविवारी फोन करतेस तो भांडी विसळता विसळता. माझं निम्मं बोलणं तुझ्या सिंकमध्ये वाहून जातं आणि उरलेल्या निम्म्यावर तू "हं, हं" करतेस. आई काय, तेच तेच दळते, असं वाटत असेल तुला. म्हणून या खेपेला बोलतच नाही, लिहून पाठवते. बस आणि शेवटपर्यंत वाच. विषय तुझ्या सासूचा आहे, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा. तिकडची सासू तुला ठाऊक आहे. इकडची मी सांगते.

माझं सरळ म्हणणं आहे, की तुझ्या सासूसारखी बाई सबंध भिंगारात पूर्वी झाली नाही आणि पुढे कोणी होऊ देणार नाही. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होत्या. दवाखाना सुटला, पण सिस्टरपण काही सुटलं नाही. बोलताना समोरच्याचं मनगट धरतात. आपल्याला वाटतं, काय जिव्हाळा! जिव्हाळा असतोच, पण नाडीही मोजून होते. चर्चबाहेर हात मिळवला तरी पंधरा सेकंद झाल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा पाळकसाहेबांना म्हणाल्या, "उपदेश उत्तम झाला. मीठ कमी करा." तुला बघायला आल्या तेव्हाचं आठवतं ना? दुसऱ्या बायका मुलीचा रंग बघतात, केस बघतात. या बाईनं तुझी खालची पापणी ओढून बघितली आणि जाहीर केलं, "रक्त कमी आहे, मुलगी पसंत आहे." मी त्याच दिवशी ओळखलं, की माझी लेक सुखात राहील. रागावशील कधीतरी, पण आजारी पडणार नाहीस.

मग सासरे गेले. जावईबापू तिथले नागरिक झालेले होते. त्यांनी आईसाठी ग्रीन कार्ड करून घेतलं. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली, पण विहीणबाई त्याला वेळेआधी जन्मलेल्या बाळासारखं जपायच्या. फ्लॅनेलच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये, आणि पर्स पोटाशी. "मुदतीवर जाऊ नका विहीणबाई," मला सांगायच्या, "वर्षभर अमेरिकेबाहेर राहिलं तर ह्याचा श्वास जातो. सहा महिन्यांवर गेलं तरी विमानतळावरचा साहेब डोळे वटारतो." म्हणून सहा महिने पुरे व्हायच्या आत परत. सहा महिने इथे, सहा महिने तुमच्याकडे. इथे आल्या की मसाला कुटायच्या, गुडघा दाखवायच्या, आणि वर्षाचे बारा ब्लाउज शिवून घ्यायच्या, कारण तिकडे ब्लाउज शिवायला माणूस मिळत नाही.

त्या कार्डापायी बाईंनी सगळ्या व्हिसांचा असा अभ्यास केला, की वकिलांनी येऊन शिकवणी लावावी. नागरिकाची बायको किंवा नवरा, लग्नाला दोन वर्षं झालेली नसली तर सीआर-वन. कार्ड मिळतं, पण दोनच वर्षांचं, अटीचं. मुदत सरताना दोघांनी मिळून अर्ज करायचा, की आमचं अजून टिकून आहे. लग्नाला दोन वर्षं झाली असली तर आयआर-वन. एकदम दहा वर्षांचं कार्ड. आणि नागरिक नसून नुसता कार्डवाला असला, तर त्याच्या जोडीदारानं एफ-टू-ए नावाच्या रांगेत उभं राहायचं. हे सगळं शिकल्यावर बाईंना भिंगारातली लग्नं तशीच दिसायला लागली. नव्या जोडप्याला चर्चच्या दारात भर मंडळीसमोर म्हणाल्या, "अजून अटीवर आहात. दोन वर्षांनी बघू." नवऱ्या मुलीची आई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, तर मी हसले म्हणून. तुझ्या बाबांना आणि मला म्हणायच्या, "तुमचं दहाचं कार्ड चारदा रिन्यू झालंय, आता कोणी तपासत नाही." बाबा म्हणाले, "तपासा हो कोणीतरी, एखादी चूक सापडेल."

ब्लाउज शिवायचे ते भाऊ टेलर. मिलिटरीच्या वर्द्या शिवण्यात जन्म गेला त्यांचा. मूळचे पाथर्डीकडचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. तिसऱ्या खेपेला विहीणबाई मापाला गेल्या. मी बरोबर होते. भाऊंनी टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाले, "मागल्या खेपेपरीस पाऊण इंच दंड उतरलाय तुमचा, शिष्टर. तितं जेवाय घालत न्हाईत का?"

बाई, जन्मभर दुसऱ्याच्या पापण्या ओढणारी ती बाई, तिच्याकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. मी बघितलं नव्हतं. रोज समोर बसून जेवणाऱ्या तुम्हा दोघांना दिसलं नव्हतं.  घराच्या दाराशी येऊन विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "पाऊण इंच म्हणाला हो तो. खरंच पाऊण इंच आहे. मी मोजलं होतं."

पुढचं तुला माहीत आहे. तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली, कोणी हरकत घेतली नाही, आणि साठी उलटलेल्या नवरीनं बिनबाह्यांचा हट्ट सोडून भाऊंच्या पसंतीचा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला. जावईबापू महिनाभर बोलले नाहीत. मग फोन आला. "आई, मी वकिलाला विचारलं. तुझं लग्न झालं तेव्हा मी मोठा होतो, त्यामुळे त्यांची फाईल मला करता येत नाही. कायद्यानं ते माझे कोणी लागत नाहीत." तुझ्या नवऱ्याला मी वाईट म्हणत नाही. पण हे वाक्य तो इतक्या हलक्या आवाजात बोलला, की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं मला इथे स्पीकरवर ऐकू आलं.

म्हणून नवऱ्याची फाईल बाईंनी स्वतः लावली, त्याच एफ-टू-एच्या रांगेत. वकिलानं लिहिलं, लग्न खरं असल्याचे पुरावे पाठवा, दोघांचा संसार एक आहे असं दिसलं पाहिजे. आता संसार एक आहे हे आपल्याकडे कशावरून दिसतं? बाईंनी घरातली सगळी भांडी टेम्पोत घातली आणि बाजारात नाव घालणाऱ्याच्या पुढ्यात ओतली. डबे, पातेली, पराती, झारा, चहाची गाळणीसुद्धा. प्रत्येकावर दोघांची नावं आणि लग्नाची तारीख. तो बिचारा दोन दिवस टकटक करत होता. मग अंगणात भांडी मांडली, मागे दोघं उभे राहिले, मधे तीन हात अंतर, आणि मी फोटो काढले. वकिलाचं उत्तर आलं, की ही दोन माणसं दुकानदार आहेत का, आणि नवरा-बायको एवढे लांब का उभे आहेत. विहीणबाई चिडल्या. "भांड्यावर नाव घातलं, आता आणखी काय कपाळावर घालू?" त्यावर भाऊ हळूच सरकून त्यांच्याजवळ उभे राहिले. म्हणाले, "काडा आता."

तो एक फोटो चांगला आला. इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही.

लग्नानंतर चार महिन्यांनी विहीणबाई कार्ड जपायला तुमच्याकडे परत आल्या. विमानतळावर साहेबानं विचारलं, "तुम्ही नक्की राहता कुठे?" त्या घाबरल्या. जावईबापूंनी उपाय सांगितला: आता हलूच नकोस. कार्डाला पाच वर्षं झाली की नागरिक हो. नागरिक झालीस की नवऱ्याला रांग नाही, आणि तोवर लग्नाला दोन वर्षं झालेली असतील, म्हणजे थेट दहाचं कार्ड. हिशेब चोख होता. नवरा-बायकोनं एकत्र राहावं म्हणून आधी अडीच वर्षं वेगळं राहायचं. त्यांनी मला फोन केला. "तुम्ही सांगा विहीणबाई. थांबू, का कार्ड टाकून परत येऊ?"

तुला तेव्हा पाचवा महिना होता. थोरला तीन वर्षांचा. तू रोज रडत होतीस, की आई, मला एकटीला होणार नाही. मी विहीणबाईंना म्हटलं, "थांबा. दोन वर्षं काय, बघता बघता जातील." त्यांनी विश्वास ठेवला. मी त्यांच्या लग्नाचा विचार करून बोलते आहे असं त्यांना वाटलं. मी तुझ्या बाळंतपणाचा विचार करून बोलले होते.

भाऊंनी त्यावर कधी तक्रार केली नाही. फक्त जावईबापूंना ते तेव्हापासून मुकादम म्हणतात. "मुकादमाचा फोन आल्ता का? टोळी कवा सुटनार?" एकदा मी रागावले. म्हटलं, "भाऊ, पोरगा आहे तो त्यांचा." तेव्हा मशीन थांबवून बोलले, एवढं लांब मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "ताई, माजे आई-बाप दर साली ऊस तोडाय जायाचे. तितं नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. त्यो तोडनार, ती मोळी बांदनार. एकला मानूस गेला तर त्यो अर्दा कोयता. टोळी नेनारा मुकादम बी नाक मुरडायचा, अर्दा कोयता नगं म्हनायचा. लगीन खरं का खोटं, कुनी कागद इचारला न्हाई. आन ही एवडी मोटी अमेरिका, तिला अर्दा कोयता कसा काय चालतो वो?"

 मी त्यांच्या सुईत दोरा ओवून दिला. हल्ली तो मीच ओवते. मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशन करत नाहीत. म्हणे, शिष्टर आल्यावर, ती बरूबर असली म्हंजी भ्या वाटत न्हाई.

व्हिसाच्या मुलाखतीची तयारीही आम्ही करतो. मी साहेब होते. खुर्चीवर बसते, चष्मा नाकावर ओढते.

"तुमची पत्नी काय करते?"

"शिष्टर हुती."

"अहो, साहेबापुढं बायकोला सिस्टर म्हणू नका, फाईल बंद करतील. बरं, पत्नी चहात साखर किती घेते?"

"हितं हुती तवा दोन चमचे. आता तितं किती घेती, ते तुमच्या लेकीला इचारा."

"असं साहेबाला सांगाल?"

"साहेब खरंच इचारतोय न्हवं? मग खरं सांगाय नगं?"

नंतर मीच त्यांना विचारलं, साहेब म्हणून नाही, की भाऊ, तुम्हाला तरी जायचंय का अमेरिकेला? म्हणाले, "मला कशाला जायाचंय? तिची हौस हाय म्हून." आणि मागच्याच नाताळात विहीणबाई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "मला कुठं इथं राहायचंय हो? पण त्यांच्यासाठी एवढं केलंय, आता सोडू कशी?" मी दोघांचं ऐकलं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. तुझी धाकटी अजून पाळणाघरात रमत नव्हती ना.

या अडीच वर्षांत भाऊंनी ब्लाउज थांबवले नाहीत. कोणी तिकडे जाणारं भेटलं की बारा ब्लाउज. माप विचारायचे नाहीत. मनानंच अंदाज धरायचे आणि दर खेपेला थोडं आत घ्यायचे. विहीणबाईंचा निरोप यायचा, अगदी बेतात बसले. मागच्या रविवारी तू भांडी घासता घासता सहज म्हणालीस, "सासूबाईंना ब्लाउज ढगळ होतात गं, पिना लावून घालतात. टेलरकाकांना सांगू नकोस म्हणाल्यात." मी सांगणार नव्हते. पण मी भाऊंच्या मशीनशेजारीच बसले होते, आणि तू स्पीकरवर होतीस.

 अर्धवट शिवलेला ब्लाउज मशीनवर होता, त्याची बाही भाऊंनी उसवली. चष्मा पुसला. बाही परत जोडली. परत उसवली. मग म्हणाले, "ताई, आता न्हाई अंदाज येत. किती आटली आसंल?" मी खोटं बोलू शकले असते. जिभेवर आलंही होतं, पण या खेपेला नाही बोलले.

परवा तू म्हणालीस, सासूबाईंचं नागरिकत्व झालं की आई, मी तुझी फाईल करणार. करू नकोस. मी येईन ती तुझ्या बाबांना घेऊन येईन, महिनाभर राहीन, आणि दोघं परत जाऊ.

आता एवढं कर. आज सासूबाई स्वयंपाकघरात येतील, तेव्हा त्यांचं मनगट तू धर. तुला नाडी कळायची नाही. पण हातात केवढं उरलंय ते कळेल. आणि विचार, की तुम्हाला खरंच इथे राहायचंय का. भाऊंना यायचं नाही, हेही सांग. मी सांगायला हवं होतं, तू सांग. मग त्या म्हणतील तसं करा. नागरिक व्हायचं म्हणाल्या तर होऊ देत. कार्ड टाकायचं म्हणाल्या, तर तुझ्या नवऱ्याशी मी बोलेन, तू मधे पडू नकोस. मुलांना रडू दे चार दिवस, ती राहतात.

अंगणात त्यांची भांडी मी चिंच लावून घासून ठेवली आहेत. ये गं लवकर. नाताळापर्यंत थांबू नकोस. आणि एकटी येऊ नकोस, सासूला घेऊन ये.