गोदावरीत सोडलेल्या फोनवरून

या सदरातले अनुभव मी डबा खाता खाता वाचतो आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसतो. आधीच सांगून टाकतो, कारण आता तुमच्यातले काही जण मला हसणार आहेत... हसा बापडे. मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. दिवसभर माझ्याकडे लोक "साहेब, आपोआप डिलीट झालं" म्हणत येतात. आपोआप काही होत नसतं. कोणीतरी बटण दाबलेलं असतं आणि कबूल करत नसतं, एवढंच मी या नोकरीत शिकलो. भूत, करणी, वास्तुदोष — सगळ्याला माझं एकच उत्तर असायचं, लॉग काढून दाखवा, म्हणजे मशीनची स्वतःची नोंदवही.

आणि हा प्रकार लॉगमध्येच दिसला, म्हणून तर माझी पंचाईत झाली आहे.

आमचं घर इंदिरानगरला, रो हाऊस. खाली मी, माझी बायको आणि आई. वर धाकटा भाऊ नितीन, त्याची बायको मनीषा आणि पाच वर्षांची ओवी. नितीन पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता, रोज मोटरसायकलने हायवेवरून जा-ये. तिकडे द्राक्षांचे सौदे फोनवरच ठरतात. सकाळी एक भाव बोललेला व्यापारी संध्याकाळी "मी असं म्हणालोच नाही" म्हणून हात वर करतो. म्हणून नितीनने फोनवरचा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय केली होती. ती रेकॉर्डिंग त्याच्या क्लाउडच्या खात्यात जाऊन पडायची.

घरातल्या पासवर्डची व्यवस्था माझ्याकडे. कोणाच्या काही लक्षात राहत नाही, म्हणून मी सगळ्यांचे सगळे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरच्या फाईलमध्ये घातले. फाईल क्लाउडवर, आणि घरातल्या प्रत्येक स्मार्टफोनवर तिची कॉपी. एकाने काही बदललं की नेट लागताच सगळीकडे बदलतं, एकाने एखादी नोंद काढली की ती सगळ्यांकडूनच जाते. फाईल उघडायचा मुख्य पासवर्ड सोपा, घरात सगळ्यांना पाठ. आतले मात्र मशीनने बनवलेले, लांबलचक, कुणाच्या बापाच्या लक्षात न राहणारे. नितीन चिडवायचा, "दादा, तू मेलास तर आम्हाला लाईटबिलसुद्धा भरता यायचं नाही."

मेला तो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी घरी येताना, हायवेवर, कंटेनरखाली. त्याबद्दल याहून जास्त माझ्याने लिहवत नाही.

फोन सापडला. काच तडकली होती, पण चालू होता. अस्थिविसर्जनाला रामकुंडावर गेलो तेव्हा आईने तो पिशवीतून बाहेर काढला. माणसाची आवडती वस्तू त्याच्यासोबत द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. आजोबांबरोबर त्यांची पानाची चंची दिली होती.

"त्याचा जीव त्यात व्हता. त्याच्यासंगं जाऊ दे," आई म्हणाली.

"अगं, निदान सिम तरी काढू दे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसलो. अस्थींच्या मागोमाग फोन पाण्यात गेला, सिमसकट. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग आईचं सुरू झालं. मनीषाच्या मोबाईलवर त्या संध्याकाळचा नितीनचा कॉल दिसत होता. "दूध आणू का, एवढंच विचारलं त्यांनी," ती सांगायची. आईला ते पटत नव्हतं, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. "भांडली असंल ही. लेकराचं डोकं फिरवलं, त्याबिगर त्याची नजर हलती का रस्त्यावरची?" भेटायला येईल त्या पाहुण्यापुढे हेच, मनीषा चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असताना हेच. एकदा तर ओवीला मांडीवर घेऊन म्हणाली, "तुझ्या आईनं खाल्लं बरं का तुझ्या बापाला." मी तिथेच बसलो होतो. काही बोललो नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

शेवटी आईने फर्मान काढलं — मनीषाने ओवीला घेऊन येवल्याला माहेरी जायचं आणि वरचा मजला मोकळा करायचा. माहेरी आई-वडील नाहीत, भावाच्या दोन खोल्या आणि त्यात त्याची चार माणसं. मनीषा जाईना. आईने निकाल लावायला निफाडहून मामाला बोलावलं. रविवारी दुपारी सगळे खाली हॉलमध्ये बसले, आणि मी शहाणपणा करायला गेलो.

"एवढंच आहे ना? नितीनचे सगळे कॉल रेकॉर्ड व्हायचे. शेवटचा ऐकू आणि मग ठरवा."

आई म्हणाली, "फोन तर गंगेत गेला."

"फोन गेला, रेकॉर्डिंग नाही गेलं. ते क्लाउडवर असतं."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "मंग काढ. समद्यांपुढं काढ."

"काढा भाऊजी," मनीषाही म्हणाली. आत्ता आठवलं की वाटतं, त्या दोघींच्या 'काढ'मध्ये केवढा फरक होता, आणि तो माझ्या लक्षातसुद्धा आला नाही.

लॅपटॉप उघडला. नितीनच्या नावाखाली सगळे पासवर्ड होते. बँक, विमा, ओवीची शाळा. क्लाउड खात्याची नोंदही होती. मी तिच्यावर क्लिक केलं आणि ती माझ्या डोळ्यांदेखत गेली. खाली बारीक अक्षरात ओळ आली, फाईल दुसऱ्या उपकरणावर बदलली आहे. कोणत्या, ते बघितलं. 'नितीन मोबाईल'.

मला भीती वगैरे वाटली नाही, राग आला. सिंकचा घोळ म्हणालो. क्लाउडवरून फाईलची जुनी कॉपी परत आणली. नोंद आली... आणि गेली. 'नितीन मोबाईल'. मग ते उपकरणच यादीतून उडवलं, मुख्य पासवर्ड बदलला, नवा कोणालाही सांगितला नाही. परत जुनी कॉपी आणली, परत तेच, आणि यादीत तो फोन पुन्हा हजर. माझ्या मोबाईलवर बघितलं, बायकोच्या बघितलं, दोन्हीकडून नोंद गायब. बाकी एकाही नोंदीला धक्का नाही. 'पासवर्ड विसरलो' करून बघितलं, तर ओटीपी जाणार नितीनच्याच नंबरवर, म्हणजे नदीत.

मामा म्हणाला, "तुला जमत नसंल तर नाय म्हण ना सरळ."

हे मला झोंबलं. आई पदर सावरत म्हणाली, "जाऊ दे. देवालाच नसंल दाखवायचं. मनीषा, तू बॅग भर."

तेव्हा मनीषा उठून वर गेली. आम्हाला वाटलं बॅग भरायलाच गेली. ती खाली आली ती एक जुना मोबाईल घेऊन. ओवीच्या वेळेस बाळंतपणाला माहेरी होती तेव्हा वापरायची तो. "ह्यातही तुमची ती फाईल टाकली होती ह्यांनी. कधीचा बंद पडून आहे. घ्या भाऊजी, ऐकवा एकदाचं सगळ्यांना."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. जो मोबाईल बऱ्याच दिवसांत नेटला लागलाच नाही, त्यात जुनीच कॉपी असणार. चार्जरला लावला. आत सिम नव्हतं. चालू करायच्या आधी मी राऊटरची पिन भिंतीतून उपटून काढली आणि प्रत्येकाच्या मोबाईलचं नेट बंद आहे याची खात्री केली. मग फाईल उघडली, जुन्या मुख्य पासवर्डने. नोंद होती! दाबली, आणि पडद्यावर चौकट आली —

'ही नोंद नितीन मोबाईलवर काढली आहे. इथूनही काढायची?'

खाली दोन बटणं. हो. नाही.

कमेंटमध्ये अक्कल पाजळण्याआधी परत वाचा. सिम नाही, वायफाय नाही. त्या मोबाईलला बाहेरच्या जगाची बातमी कळायचा काही मार्गच नव्हता. मी या विषयाचाच पगार घेतो. चौकट बंद केली, परत उघडली, तीच चौकट. मी सगळ्यांना वाचून दाखवली.

मग मनीषा हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यांना नको असेल तर राहू द्या. मी जाते येवल्याला."

"का गं?" आई उसळली. "आता का पाय लटपटाया लागले?"

मी 'नाही' दाबलं. न्यायासाठी वगैरे दाबलं असं म्हणणार नाही. एक मोबाईल मला हरवतोय हे मला सहन झालं नाही, बस.

चौकट गेली. पासवर्ड दिसला, माझ्या मोबाईलचं नेट चालू करून तो टाकला, खातं उघडलं. रेकॉर्डिंगची यादी आली, प्रत्येकापुढे ज्याचा कॉल त्याचं नाव. मनीषाचा कॉल वरून दुसरा होता. सगळ्यात वर, सगळ्यात शेवटचा, लिहिलं होतं — 'आई'.

आईचा मोबाईल बटणांचा, साधा. तो बघायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी मोबाईल खिशात घालणार होतो, खरंच घालणार होतो. पण मनीषा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने बोट पुढे केलं आणि लावलं.

"कुठं हाय रं?" आईचा आवाज.

"निघालोय आई. गाडीवर आहे, घरी आल्यावर बोलू."

"रोजचंच हाय तुझं. बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय नुसतं. तिचा फोन आला का बरा बोलतो."

"आई, ट्रक आहेत गं पुढे. ठेव ना."

"ठेवायचा नाय! आधी बोल. मला निफाडला लग्नाला घेऊन जातो का नाय? हो का नाय ते सांग, मगच ठेवीन."

"हो... हो गं आई. आलोच."

मग हॉर्न. मग जो आवाज होता तो होता. आणि मग परत आई, "हॅलो? हॅलो?... ठेवला मेल्यानं."

मामा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. माझी बायको रडत होती. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं रेंज गेली." एवढंच. परत म्हणाली, "मला वाटलं रेंज गेली." त्या क्षणी मला माझ्या आईची किळस आली आणि लगेच तिची दयाही आली. अजूनही दोन्ही येतात, एकदमच येतात.

मनीषा वरच राहते. येवल्याचं नाव कोणी काढत नाही. फाईलला त्या दिवसापासून कोणी हात लावला नाही. 'नितीन मोबाईल' यादीतून गेला तो गेलाच. मी लॉग कारखान्यातल्या माझ्यापेक्षा हुशार पोरांना दाखवला, पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्यांना ईमेल केली. त्यांचं उत्तर आलं, उपकरण नेटला जोडलेलं नसताना असा संदेश येऊच शकत नाही. मीही हेच म्हणालो असतो. माझा भाऊ पाण्याच्या तळाशी बसून आईची लाज झाकत होता आणि ती मी उघडी पाडली, असं मला वाटतं. वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही.

आता रोज दुपारी आई गुडघे धरत जिना चढून वर जाते. नितीनचा आवाज आता रेकॉर्डिंगमध्येच उरलाय. बाकीच्यांत तो द्राक्षांच्या पेट्या आणि भावच बोलतो, नाहीतर मनीषाशी दूध-भाजीचं. आईला ते नको असतं. तिला फक्त 'हो गं आई, आलोच' ऐकायचं असतं. "लाव ना गं मनीषा," ती म्हणते, आणि तिच्या आवाजातली ती अजिजी मला जिन्याखाली ऐकू येते.

मी मनीषाला म्हणालो होतो, "तेवढंच वाक्य कापून वेगळं करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको भाऊजी," ती म्हणाली. "अर्धवट कशाला?"

ती पहिल्यापासून लावते आणि शेवटपर्यंत चालू देते. आवाज मोठा ठेवते, सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून.