सोऱ्याची आतली कड

वर्कशॉपमध्ये मी येताना दिसलो की लोक आधी बाह्या दुमडायचे. खोटं नाही सांगत. लखनौच्या एका सरकारी कारखान्यात मी टूल रूमचा फोरमन होतो. लेथच्या फिरत्या यंत्रापाशी कुणाच्या मनगटावर घड्याळ दिसलं की मी तिथल्या तिथे मशीन बंद करायला लावायचो. राखीच्या दुसऱ्या दिवशी तर कात्री घेऊन दारातच उभा. "बहन से कहना, हाथ बचेगा तो अगले साल फिर बाँध देगी!" माझी हिंदी विदर्भातली, त्यात आवाज हा असा. लखनौची माणसं रागावली तरी 'आप' सोडत नाहीत. त्यांना मी म्हणजे रोजची कटकट वाटत असणार.

माझा सगळ्यात लाडका नियम मात्र घड्याळाचा नव्हता, कडेचा होता. धातू कापला की कापलेल्या कडेला एक बारीक, डोळ्यांना न दिसणारी धार राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती कानशीने घासून काढावी लागते. निघाली की नाही हे बघायला कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. एक जरी तंतू अडकला तरी काम परत. आणि हा बोळा काम करणाऱ्याने स्वतः फिरवायचा नाही, दुसऱ्याने फिरवायचा, कारण आपल्या कामातली खोट आपल्याला दिसत नाही. मशीनवर जपतो तो स्वतःचा हात, पण वस्तू उद्या ज्याच्या हातात जाणार त्याचा हात कोण जपणार, असं मी ओरडून ओरडून सांगायचो. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मी, बायको आणि आमची एकुलती एक मुलगी. बायको दोन वर्षं हज़रतगंजच्या एका गल्लीत, जिना चढून वर असलेल्या टायपिंगच्या क्लासला जात होती. हिंदी टायपिंग. "लिपी तर आपलीच आहे, भाषेचं घेईन सांभाळून," म्हणायची. घरी मशीन कुठलं? बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने सगळी अक्षरं काढली होती आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्यावर बोटं चालवायची. पुठ्ठ्याकडे बघायचं नाही, समोर भिंतीकडे बघायचं. मी चेष्टा करायचो, "भिंतीला काय पत्र लिहून राहिलीस?" ती मान न वळवता म्हणायची, "तुमची तक्रार लिहिते."

जूनमध्ये सरकारी टंकलेखकाची परीक्षा होती. वयाची मर्यादा तिच्यासाठी त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही एकच संधी. क्लासचे मास्तर मला रस्त्यात थांबवून म्हणाले होते, "भाईसाहब, आपकी मिसेज़ पहली बार में निकल जाएँगी।" पगाराचं तिला फारसं नव्हतं. सकाळी डबा घेऊन, चांगली साडी नेसून, स्वतःच्या कामाला घराबाहेर पडायचं, हे तिला हवं होतं. तिने मला ते बोलून दाखवलं होतं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आसपास आम्ही दहा-बारा मराठी घरं होतो. दर उन्हाळ्यात बायका आमच्या छतावर जमून कुरडया घालायच्या. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून खाटेवरच्या जुन्या लुगड्यावर दाबायचा. त्या वर्षी सासूबाईंनी दिलेला लाकडी सोऱ्या लखनौच्या कोरड्या हवेत उभा तडकला. बायकोला उलट बरंच वाटलं.

"सुटले बाई! यंदा कुरडया नकोत. पुढच्या वर्षी बघू."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही!

"अगं, टूल रूमचा फोरमन घरात असताना सोऱ्यावाचून अडायचं? पितळेचा करून देतो. नातवंडं वापरतील."

"अहो, सोऱ्याचं नाही हो. वेळ नाही मला."

"एका सकाळचं तर काम."

ती पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं. खरं सांगायचं तर कुरडयांची मलाही एवढी हाव नव्हती. मला त्या दहा-बारा घरांत माझ्या हातचा सोऱ्या मिरवायचा होता.

साहेबांची रीतसर परवानगी घेतली, भंगारातला पितळेचा जाड तुकडा घेतला आणि शिफ्ट सुटल्यावर तीन दिवस लेथवर उभा राहिलो. घड्याळ काढलं, बाह्या दुमडल्या, चष्मा लावला. पितळ घट्ट पकडणाऱ्या चकची चावी काढून ठेवल्याशिवाय स्विचला हात लावला नाही, आणि पितळेचा कीस हाताने न काढता ब्रशने काढला. नियम म्हणून एक मोडला नाही. नळकांडं आतून पोखरलं, खालच्या तोंडाला जाळीचं झाकण बसावं म्हणून बाहेरून आटे पाडले, वरच्या दांड्याचे आटे तर असे जमले की फिरवताना आवाज होत नव्हता. मग पॉलिश केलं. चार जण काम सोडून बघायला आले. "वाह साहब, क्या चीज़ बनाई है!" मी फुगलो.

तेवढ्यात आमचे लेथवरचे सगळ्यात जुने कारागीर, टर्नर, पुढे आले. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अस्सल लखनवी माणूस. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. त्यांच्या तळहातावर कापसाचा स्वच्छ बोळा होता. तो माझ्यासमोर धरून ते हळूच म्हणाले, "हुज़ूर, ज़रा यह भी हो जाता।"

मी तो बोळा उचलला, सोऱ्यावरचा पॉलिशचा उरलेला डाग पुसला, मग त्यालाच आपले हात पुसले आणि बोळा त्यांच्या हातावर परत ठेवला. "शुक्रिया, उस्ताद." त्यांनी तो मळका बोळा खिशात घातला. मग म्हणाले, "जी, बहुत ख़ूब।" आणि आपल्या मशीनकडे गेले.

आमच्याकडे एखाद्याला चूक सांगायची तर, "अरे, डोळे फुटले का तुझे?" असं म्हणतात, तेव्हा ते ऐकू येतं. तितकं हळू बोललेलं ऐकायची माझ्या कानाला सवयच नव्हती. त्यातून मी फोरमन. माझंही काम दुसऱ्या कुणी तपासायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मेच्या एका सकाळी छतावर कुरडया झाल्या. सोऱ्याचं कौतुक तर विचारू नका. मी मुद्दाम रजा घेऊन जिन्यात उभा होतो, ते ऐकायला. दहाच्या आत बायका आपापल्या घरी गेल्या. बायकोला क्लासला जायची घाई होती. चीक एकदा वाळला की खरवडून निघत नाही, म्हणून ती मोरीत सोऱ्या धुवायला बसली. झाकण काढलं, फडकं बोटाला गुंडाळून खालच्या तोंडातून आत घातलं आणि जोर लावून गोल फिरवलं.

ती ओरडलीसुद्धा नाही. नुसतं "अहो" म्हणाली. मी गेलो तर फडकं लाल आणि मोरीतलं पाणी लाल. उजव्या हाताची तर्जनी आतल्या बाजूने खोल कापली होती.

आणि मी काय म्हणालो? लाज वाटते लिहायला. मी ओरडलो, "आत बोट घालायला कुणी सांगितलं होतं?"

डॉक्टरांनी टाके घातले. नस तुटली आहे म्हणाले. जखम भरेल, पण बोट यापुढे वळणार नाही. बायकोने फक्त एक विचारलं, "जून तक ठीक हो जाएगा?" डॉक्टरांनी औषधं लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी सोऱ्या पिशवीत घालून कारखान्यात नेला. उस्तादांपुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी बोळा घेतला, खालच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून एकदाच फिरवला आणि मला दाखवला. कडेला चार-पाच पांढरे तंतू लोंबत होते. आटे पाडताना आतल्या बाजूला आलेली धार जशीच्या तशी होती.

मी भडकलो. "दिखा था तो बोला क्यों नहीं?"

उस्तादांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "हुज़ूर, अर्ज़ तो किया था। आपने हाथ पोंछ लिए।"

मी बारीक कानस घेतली आणि ती कड घासली. दोन मिनिटं लागली. हो, दोनच मिनिटांचं काम होतं ते. उस्तादांनी परत बोळा फिरवला. या वेळी काही अडकलं नाही.

घरी येताना सगळा रस्ता ठरवत आलो होतो की तिला सांगायचं. धार मीच ठेवली, तुझी काही चूक नाही, असं. दारात पोचलो तर ती पुठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली, पट्टी बांधलेलं बोट वर धरून बाकीच्या नऊ बोटांनी सराव करत होती. माझ्या हातात पिशवी बघून तिने विचारलं, "काय निघालं हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "तपासलं. सोऱ्या ठीक आहे. तुझंच लक्ष नव्हतं."

"घाईच केली मी," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी स्कूटरवरून मीच तिला सोडलं आणि समोरच्या झाडाखाली उभा राहिलो. उन्हाळ्यातली गरम लू सुटली होती. बाकीच्या मुली बोलत-हसत बाहेर आल्या, ही सगळ्यांच्या शेवटी. "अर्धं पान राहिलं," एवढंच म्हणाली आणि मागे बसली. घरापर्यंत तिने एरवीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, स्टेपनी धरून बसली. तो पुठ्ठा तिने कुरडयांच्या डब्यात तळाला घातला.

पुढे आम्ही लखनौतच विकास नगरला घर घेतलं. सोऱ्याही आला. दर उन्हाळ्यात तो या घरातून त्या घरात फिरायचा, आणि न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला माझी बायको बजावायची, "धुताना आत बोट घालू नका हं. मी घातलं वेंधळ्यासारखं, बघा काय झालं." मग ते ताठ बोट दाखवायची. बायका चुकचुकायच्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेला असायचो आणि सगळं ऐकायचो. दर वर्षी वाटायचं, उठावं आणि सांगावं. दर वर्षी मी पान उलटायचो. कारखान्यात तोवर माझी कटकट कमी झाली होती. बोळा फिरवायचा नियम होता, पण ओरडायला तोंड उघडलं की उस्ताद दिसायचे आणि तोंड मिटायचं. लोकांना वाटलं, साहेब वयाने निवळले.

मग एका उन्हाळ्यात, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. त्या दिवशी सोऱ्या धुवायला तिच्याकडे आला. आतून तिचा आवाज आला, "मम्मी, अंदर चिपक गया है। उँगली डालूँ? कट तो नहीं जाएगी?"

बायको म्हणाली, "घाल गं. आता काही नाही त्यात. तुझ्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी घासून आणलंय."

मी पेपर वाचत होतो. वाचत होतो म्हणजे, हातात धरून होतो. थोड्या वेळाने मुलगी छतावर गेली तसा उठून स्वयंपाकघरात गेलो.

"तुला ठाऊक होतं?"

ती कढईत तेल ओतत होती. "अहो, दोन वर्षं न बघता नुसत्या बोटांनी अक्षरं ओळखत होते मी. तुम्ही तो परत आणलात त्याच संध्याकाळी डाव्या हाताचं बोट फिरवून बघितलं. घासलेली कड कळणार नाही का मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने गॅस बारीक केला. "एक वर्ष थांबले. दोन वर्षं थांबले. मग लोकांपुढे स्वतःलाच वेंधळी म्हणायची सवय लागली."

ओट्याला धरून मी उभा होतो.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

तेल तापलं होतं. तिने डब्यातून दोन कुरडया काढल्या आणि तळायला घेतल्या. चार बोटांनी झारा धरला होता, आणि ते पाचवं नेहमीसारखं सरळ, दांड्यापासून वेगळं उभं होतं.