साडूची नवी गाडी, काळा पडदा आणि आसगावचं कुंकू

आसगावला जायचं ठरलं ते सासूबाईंकडचा नवा चिन्नोर तांदूळ आणायला. निदान बायकोने, सुनंदाने, मला तसं सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण वैशाली आणि तिचा नवरा प्रमोद, म्हणजे माझा साडू, यांनी नवी गाडी घेतली होती आणि तीत आम्हाला बसवायचं होतं. माझी गाडी जुनी आहे, पण चालते. फक्त तिच्यात टीव्हीएवढा पडदा नाही. मी जळत होतो, सरळ सांगतो.

नागपूरहून जाणाऱ्यांनी उमरेड-भिवापूरचा रस्ता धरावा. आम्ही भंडाऱ्यावरून गेलो, कारण प्रमोदला महामार्गावर गाडी पळवायची होती. टोल गेला तो वेगळाच. थंडीची सकाळ, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवरचं धुकं रस्त्यावर उतरलेलं. प्रमोद पडद्यावर बोट फिरवून गाणी, हीटर, काचेवरची वाफ घालवणारी हवा, सगळं लावून दाखवत होता. साधं बटन म्हणून एक नाही.

शहापूरच्या अलीकडे पडदा काळा झाला. हवा बंद पडली आणि चौघांच्या श्वासाने समोरची काच पांढरी झाली. पुढे ट्रक आहे हे माहीत होतं, किती पुढे ते दिसेना. वैशालीने ओढणीने काच पुसली आणि प्रमोदने कशीबशी गाडी कडेला घेतली. माझ्या मनात पहिलं आलं, बरं झालं. ट्रकची भीती त्यानंतर वाटली.

पडदा थोड्या वेळाने आपोआप उजळला.

आसगावला सासूबाईंनी वाफाळता भात आणि वांग्याची भाजी वाढली. वाढता वाढता हळूच विचारलं, "पडदा बरा हाय न आता?"

मग वैशालीने आत नेऊन आम्हाला सांगितलं. गाडीची पूजा इथेच, अंगणात झाली होती आणि सासूबाईंनी पडद्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं. पुढे पडदा पहिल्यांदा बंद पडला तेव्हा शोरूमवाला म्हणाला, कुंकवाचं पाणी आत गेलं, वॉरंटीत बसणार नाही. ते सासूबाईंच्या कानावर गेलं. तेव्हापासून त्या गाडीच्या जवळ जात नव्हत्या.

हे ऐकताना मला काय आठवलं? माझी गाडी सेकंडहँड म्हणून तिची पूजाच झाली नव्हती.

जेवताना मी म्हणालो, "सरकारच्या वेबसाइटवर अशा गाड्यांची तक्रार करता येते. एकाच गाडीच्या तक्रारी जमल्या तर चौकशी होते."

"कायले, भाऊजी?" प्रमोद म्हणाला. "ते शोरूमले विचारतीन आन आईचंच नाव निघन. तुमाले त माही गाडी खराब झाली का बरं वाटते."

शेवटचं खरं होतं, म्हणून मी गुपचूप भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या, हात पदराखाली. तांदळाची पिशवी सुनंदाने जाऊन आणली.

परतताना शहापूरला तर्री-पोहे खायला थांबलो. तर्री जपून मागा, डोळ्यांतून पाणी काढते. शेजारीच तसलीच गाडी उभी होती, आणि आत एक गृहस्थ पडद्यावर टिचक्या मारत बसलेले. भंडाऱ्याच्या शाळेतले रामटेके सर, हे नंतर कळलं. मी काचेजवळ जाऊन विचारलं, "बंद पडला का?"

"नेहमीचंच होऊन राहिलं हे. शोरूमवाला म्हणते, तुमच्या मोबाईलनं होते."

"पूजेत कुंकू लावलं होतं का?"

सर हसले. "आमी बौद्ध हाओत, भाऊ. वंदना घेतली, हार घातला, झालं. गाडीले कुंकू कायले लावून राहिलो आमी?"

प्रमोदने पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि आसगावला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "मंग माह्या बोटानं नाही बिघडली?"

रामटेके सर फोनकडे वाकले. "नाही जी, आई. तुमच्या बोटाचा काही दोष नाही."

तिकडे त्या रडत होत्या. इकडे वैशालीने तोंड फिरवलं.

प्रमोदने आणि सरांनी तिथेच बसून तक्रारी केल्या. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव लागतं, त्यामुळे मी नुसता कुठे काय भरायचं ते सांगत होतो. माझ्याकडे तक्रार करण्याजोगी गाडीसुद्धा नव्हती.

उत्तर अजून आलेलं नाही. तोवर वैशाली धुक्यात गाडी काढत नाही, आणि तशी गाडी असेल तर तुम्हीही काढू नका, तक्रार मात्र करा. चिन्नोर भाताचा वास अजून घरभर आहे. आसगावात सासूबाई सांगत फिरताहेत की धाकट्या जावयाने त्यांच्यावरचा आळ घालवला. रामटेके सरांना गाठलं कोणी, हे कोणी विचारत नाही.

सुनंदा म्हणते, पुढच्या वेळी आपली गाडी नेऊ. मी काल ती धुतली. आतून समोरची धूळ झटकली आणि हीटरच्या बटनाशेजारी बोट टेकवण्यापुरती जागा पुसून लख्ख करून ठेवली.