गंध लावलेला कॅमेरा

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. हिंगोलीत माझा सीसीटीव्ही बसवायचा धंदा आहे. दिवसभर वायर, ड्रिल आणि शिडी. चित्र का दिसत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नेहमी तयार असतं — वायर सुटली, उंदराने कुरतडली, नाहीतर मालकाने प्लग काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावला. पण चित्र का दिसलं, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला.

कनेरगाव नाक्यावर, वाशीम रोडला, ढाब्यांच्या रांगेत मधुकरकाकांचं मेडिकल आहे. झोपेच्या, नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्या जिथे विकतात तिथे कॅमेरा हवाच आणि महिनाभराचं रेकॉर्डिंग राखून ठेवायचं, असा आदेश आला तेव्हा तिथला कॅमेरा मीच बसवला. त्या गोळ्यांच्या कुलूपबंद कपाटावर त्याची नजर. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक काकांकडे आणि दुसरी सुमनताईंकडे. सुमनताई सात वर्षांपासून काउंटरवर. नवरा गेल्यावर या एका नोकरीवर घर चालवतात. डॉक्टरांचं जे अक्षर काकांना लागत नाही, ते त्यांना लागतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. "अजय, आत्ताच्या आत्ता ये. गोळ्यांचा अख्खा बॉक्स गायब हाय. उद्या ड्रग इन्स्पेक्टर येऊन राहिला."

दुपारी पोहोचलो तर काउंटरवर काका एकटेच. सुमनताईंची किल्ली काढून घेऊन त्यांना सकाळीच घरी पाठवून दिलं होतं.

"नवमीच्या सकाळी मी सोता मोजला, बॉक्स व्हता. किल्ल्या दोघांकडंच. मी न्हाई घेतला, मंग कोणी घेतला? तू रेकॉर्डिंग काढून दे, म्हंजे पोलिसात तक्रार देतो."

मीही मोठ्या शहाण्यासारखा बोललो, "गरज माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही, काका." हे वाक्य माझंच. लपवत नाही.

रेकॉर्डिंग लावलं... आणि नवमीच्या सकाळपासून सगळा पडदा लालभडक! वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. काचेवर मधोमध ओल्या कुंकवाचं गंध, आता वाळलेलं.

"खंडेनवमीची पूजा केली ना बा," काका म्हणाले. "फ्रीजला लावलं, कम्प्युटरला लावलं, मोटारसायकलला लावलं. यालाच काहून सोडू?"

"अहो, पण कपाळ सोडून डोळ्यातच घातलंत की!"

एरवी आम्ही दोघंही हसलो असतो. पण आता इन्स्पेक्टरला काय दाखवायचं? दुकानाचं लायसन्स अडचणीत येणार होतं आणि सुमनताई काकांच्या नुसत्या शब्दावर पोलीस स्टेशनला जाणार होत्या. काका तर तक्रार लिहायला कागद घेऊन बसलेसुद्धा.

मी आपलं रेकॉर्डिंग पुढे पळवत होतो. लाल, लाल, नुसतं लाल. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी — चित्र स्वच्छ!

काका फोन कानाला लावून कोणावर तरी डाफरत आहेत. काउंटरपलीकडे वाशीमच्या एजन्सीचा माणूस मुदत संपलेल्या मालाचं खोकं न्यायला उभा. बोलता बोलता काका कपाट उघडतात, एक बॉक्स काढतात, त्या खोक्यात टाकतात. माणूस खोकं घेऊन जातो, काकाही बोलत बोलत बाहेर. कपाट सताड उघडं. थोड्या वेळाने सुमनताई जेवणाचा डबा घेऊन येतात, उघडं कपाट बघतात आणि आपल्या किल्लीने कुलूप लावतात. बस. अकरा मिनिटं झाली आणि पुन्हा सगळं लाल.

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी वाशीमला फोन लावला. खोकं अजून फोडलंसुद्धा नव्हतं. बॉक्स त्यातच होता.

मी मात्र शिडी लावून वर चढलो. गंध कडक वाळलेलं, बारीक तडे गेलेले आणि त्यात काकांच्या बोटाच्या रेषा जशाच्या तशा. मधे कोणी पुसून पुन्हा लावलं म्हणावं, तर रेकॉर्डिंगमध्ये हात दिसायला हवा होता. दिसला नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं सुमनताईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मजुरीने सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, जाणार होत्या. काकांनी हात जोडले, सगळं सांगितलं, किल्ली पुढे केली. "चूक माझी हाय, सुमन. उद्यापासून ये."

त्यांनी किल्ली घेतली नाही. रडल्याही नाहीत. काकांकडे बघत एवढंच म्हणाल्या, "कॅमेऱ्याला दिसलं म्हून तुमी आले. सात वर्षं रोज तुमी मला पाहून राहिले ना, काका... त्यात काहीच न्हाई दिसलं?"

काकांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि मान खाली घातली. मीही.

मग सुमनताईंनीच किल्ली उचलली. "इन्स्पेक्टर किती वाजता येऊन राहिला?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी दुकानावर हजर झाल्या.

ती अकरा मिनिटं मी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली आहेत. या धंद्यातल्या तीन-चार जाणकारांना दाखवली. एक म्हणाला रेकॉर्डरचा दोष, एक म्हणाला उन्हाची तिरीप. पण त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही, आणि रेकॉर्डर तर मीच बसवलेला... त्या कॅमेऱ्याला गंधाआडून कसं दिसलं, ते मला आजही सांगता येत नाही. काकांच्या आणि माझ्या डोळ्यांवर तर काहीच लावलेलं नव्हतं.