शीर सुजली, रोग गावानं ठरवला

"मोठ्यानं बोल की. लाजतोस काय?" कंपाउंडर म्हणाला.

सोनईच्या बाजूला आमचं गाव आहे, आणि गावात हा एकच दवाखाना. तिथली रीत अशी, की आधी बाहेरच्या टेबलावर आजार सांगायचा. कंपाउंडर तो मोठ्यानं म्हणत केसपेपरवर लिहिणार. ताप, खोकला, जुलाब, सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. त्या दिवसापर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

बाकावर दहाबारा माणसं होती. मी शाळेची गाडी चालवायचो, आणि त्यातल्या तीन बायांची पोरं माझ्या गाडीत असायची. मी टेबलावर वाकून म्हणालो, "लघवीच्या जागंची शीर सुजलीया." त्यानं ते दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणत लिहिलं. एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

आत अण्णा चहा पीत बसले होते. अण्णा म्हणजे शाळेच्या संस्थेचे चेअरमन, माझे मालक. वाटलं, उठून बाहेर जातील. गेले नाहीत. पडदा होता, तोही कुणी ओढला नाही. डॉक्टर म्हणाला, "पँट सोड." मी सोडली. का सोडली? आजही स्वतःचा राग येतो. लिंगाच्या वरच्या बाजूला सुतळीएवढी टणक शीर उठली होती, दाबली की दुखायची. बाकी काही नाही. डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

"कुठं तोंड मारून आलास?"

"न्हाई, डॉक्टर. दोन म्हैने झालं लगीन हून."

"तुमच्या वस्तीत हे असायचंच." मग अण्णांकडे वळून, "पोरांची गाडी हाच चालवतो ना?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "चावी शिपायाकडं दे. उद्यापासून येऊ नको."

आमची वस्ती बौद्धांची. आजोबांनी धम्म घेतला, वडिलांनी दहावी केली, मी गाडी चालवायचा परवाना-बिल्ला काढला. तरी हा माणूस 'तुमच्या वस्तीत' म्हणाला आणि मी मान खाली घालून पँट वर ओढली. रक्त तपासलं नाही, लघवी तपासली नाही. कमरेत इंजेक्शन ठोकलं आणि कागदावर लिहिलं, गुप्तरोग. तो कागद बाहेरच्या गठ्ठ्यात, कुणीही चाळावा असा. संध्याकाळच्या आत गावभर झालं.

त्यानंतर मी कुणाला काही दाखवलं नाही. आमच्याकडे पाय मुरगळला, मुका मार लागला की हळद-चुना गरम करून लावतात. मी तोच लावला. त्या नाजूक जागी. दोन दिवसांत कातडी सोलली आणि पाणी सुटलं. लाजेपायी माणूस स्वतःचं काय करून घेतो ते मी करून बघितलंय.

नळावर बायकोला एकीनं सांगितलं, नवऱ्यापासून लांब राहा. ती घागर तशीच ठेवून घरी आली. मला वाटलं, आता ही माहेरी जाणार. ती म्हणाली, "अवो, तुमी काय केलं न्हाई, तर मग लपताय कशाला? नगरला मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी बी येते."

नगरच्या सावेडी भागात लघवीच्या विकारांचे एक डॉक्टर बसतात. त्यांनी उठून स्वतः दार लावलं. म्हणाले, "तपासू का तुम्हाला?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बोटानं शीर चाचपली, सोनोग्राफी केली, रक्त-लघवी तपासायला लावली. रिपोर्ट सगळे साफ.

"कातडीखालची शीर सुजलीय, आत थोडं रक्त गोठलंय. नव्या लग्नात होतं कधी कधी, इतरही कारणं असतात. हा गुप्तरोग नाही. चार ते सहा आठवड्यांत बहुतेक आपोआप बसते. तोवर संबंध नको, गोळ्या देतो. जखम केली ती तुमच्या चुन्यानं."

"मंग भ्यायचं कधी, साहेब?"

ते सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. नुसत्या फुगलेल्या, न दुखणाऱ्या शिरा तिथं कुणालाही असतात, त्याचं काही नाही. पण दुखणं वाढलं, लाली चढली, ताप आला, लघवी अडली, फोड किंवा गाठ आली, किंवा सूज बसेचना, तर लगेच दाखवायचं. ताठरपणा चार तास उतरला नाही, किंवा अचानक कट्कन आवाज होऊन काळंनिळं झालं, तर वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठायचा.

इतकं साधं होतं ते. पाच मिनिटांत सांगता येईल एवढं. परतीच्या एसटीत बसल्यावर मी रडलो. दुःखानं नाही, संतापानं.

शीर सहाव्या आठवड्यात बसली. मग मी बाजाराच्या दिवशी गावातल्या त्याच दवाखान्यात गेलो. बाक भरलेला होता. मधोमध उभा राहून रिपोर्ट वाचला, सगळा, अवयवाच्या नावासकट. डॉक्टर धावत बाहेर आला. "आत ये. आत बसून बोलू."

"न्हाई. माझं भायेर झालं. तुमचंबी भायेरच हुईल. बिगर तपासता गुप्तरोग कशावरनं लिवला, ते ह्या लोकांना सांगा."

त्याला घाम फुटला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, झालं गेलं विसर, सोमवारपासून गाडीवर ये. मी गेलो नाही. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. वस्तीतले आणि वस्तीबाहेरचेही चौघेजण असलंच दुखणं घेऊन आजवर मला गुपचूप भेटले. त्यांना मी सावेडीच्या डॉक्टरांचा कागद वाचून दाखवतो. दोघांना स्वतः सावेडीला नेलं.

गावातल्या डॉक्टरविरुद्ध मी डॉक्टरांच्या कौन्सिलकडे लेखी तक्रार केली आहे. पूर्ण नावानं. आजारही लिहिलाय, अण्णांसमोर पँट सोडायला लावली तेही लिहिलंय. लोक समजावतात, गावातला एकच डॉक्टर, कशाला त्याच्या पोटावर पाय देतोस. म्हणतात, सूड वाईट. मला न्याय हवा असं सांगितलं असतं तर शोभलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मला सूडच हवा आहे. चौकशीला बोलावतील तितक्या वेळा मी जाणार, आणि त्याच्या दारावरची पाटी उतरेपर्यंत अर्ज मागे घेणार नाही.