एक ते चार स्पीकर केबल जमा

गिटारच्या अ‍ॅम्पचं मागचं झाकण उघडलं आणि करपट वास आला. हा वास एकदा ओळखीचा झाला की मीटर लावणं नावापुरतंच उरतं. स्पीकरला ताकद पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तीन आठवड्यांपूर्वीच याच अ‍ॅम्पचे पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, मी बदलून दिले होते.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही, सर," गौरी मॅडम म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षं कात्रजला अ‍ॅम्प दुरुस्त करतोय. 'काहीच नाही' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. काहीच न करता ट्रान्सफॉर्मर जळत नाही.

गौरी मॅडम कोथरूडच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये गिटारचे क्लास घेतात. घर त्यावरच चालतं. खालच्या पेंडसे बाईंनी आवाजाची तक्रार केली होती आणि क्लास चालू ठेवायचा की बंद करायचा, हे रविवारच्या सभेत ठरणार होतं. आवाज किती कमी केलाय ते मॅडम त्या दिवशी सगळ्यांना ऐकवणार होत्या. आज गुरुवार होता आणि अ‍ॅम्प माझ्या टेबलावर मरून पडला होता.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची गंमत अशी की तो मोठ्याने वाजवल्याशिवाय रंगात येत नाही. म्हणून मॅडमनी अ‍ॅटेन्युएटर घेतला होता. अ‍ॅम्प आणि स्पीकरचं कॅबिनेट यांच्या मध्ये लावायची ही पेटी. अ‍ॅम्पची बरीचशी ताकद ती स्वतः तापून जिरवते आणि उरलेली थोडी स्पीकरला देते. वस्तू चांगली आहे, पण ती नीट जोडावी लागते. करंटला पुढची वस्तू किती अडवते, त्याला इम्पीडन्स म्हणतात. तो ओममध्ये मोजतात. अ‍ॅम्पच्या मागे चार, आठ, सोळा असा सिलेक्टर असतो. अ‍ॅम्पला जी पेटी थेट जोडली असेल, तिच्यावर जो आकडा लिहिलाय त्यावर तो ठेवायचा. मॅडमचा अ‍ॅटेन्युएटर आठचा, कॅबिनेटही आठचं. म्हणजे सिलेक्टर आठवर. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही.

पण डोकं चालवलं गेलं होतं. पहिल्या वेळी अ‍ॅम्प आला तेव्हा सिलेक्टर सोळावर होता.

"देवधर काकांनी केला होता," मॅडमनी तेव्हा सांगितलं होतं. देवधर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. "ते म्हणाले, आठ आणि आठ सोळा."

बेरीज बरोबर होती. फक्त अ‍ॅम्पला ती लागू नव्हती. त्याला समोरची पेटीच दिसते, तिच्या पलीकडचं कॅबिनेट वेगळं मोजायचं नसतं. तेव्हा व्हॉल्व्ह गेले. मी नवे घातले, सिलेक्टर आठवर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी या वेळी जशीच्या तशी होती. मग ट्रान्सफॉर्मर का गेला?

"दिवसभरात काय काय होतं ते क्रमाने सांगा," मी म्हणालो.

"सकाळी क्लास. मग एक वाजता केबल जमा. चारला परत क्लास."

"कसली केबल जमा?"

"स्पीकरची. दुपारी एक ते चार शांतता असते ना. कमिटीचा ठरावच आहे, स्पीकर केबल ऑफिसात जमा करायची. देवधर काका स्वतः येऊन घेऊन जातात."

"कुठून काढतात?"

"अ‍ॅम्पच्या मागून, अ‍ॅटेन्युएटरकडे जाणारी. तीच हाताला येते."

"आणि तेव्हा अ‍ॅम्प बंद असतो?"

"नाही, त्या वेळात मी माझा रियाज करते. अ‍ॅम्पच्याच लाइन-आउटच्या सॉकेटला हेडफोन लावून. बाहेर अजिबात आवाज नाही, सर!"

मी डोक्याला हात लावला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू असताना त्याला ताकद उतरवायला जागा लागते. ती जागा म्हणजे अ‍ॅटेन्युएटर किंवा स्पीकर. ती तोडली की ट्रान्सफॉर्मरच्या आतच व्होल्टेज भलतं चढतं आणि एक दिवस तारांवरचं इन्सुलेशन फुटतं. हेडफोनमध्ये मात्र छान ऐकू येत राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. बाई रोज तीन तास, नियम पाळून, स्वतःचा अ‍ॅम्प जाळत होत्या.

मी देवधरांना फोन लावला.

"अहो, काढायचीच असेल तर पॉवर कॉर्ड काढा. अ‍ॅम्पच बंद राहील, काही जळणार नाही."

"ठरावात स्पीकर केबल असं लिहिलेलं आहे."

"पण त्याने अ‍ॅम्प जळतो."

"हे पाहा मेश्राम, मी इंजिनिअर आहे."

"कुठले?"

"सिव्हिल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बदल सुचवायचा असेल तर रविवारी सभेत सुचवा," ते म्हणाले. "आपण सभासद नाही, तेव्हा सभासदामार्फत."

मग मीही सांगितलं की रविवारपर्यंत अ‍ॅम्प माझ्याकडेच राहील. एका भंगार अ‍ॅम्पचा तसाच ट्रान्सफॉर्मर पडून होता, तो बसवला. रविवारी सकाळी अ‍ॅम्प स्कूटरवर बांधून कोथरूडला नेला, स्वतः जोडला आणि मॅडमना म्हणालो, रोज वाजवता तसंच वाजवा. मग मी, देवधर आणि कमिटीचे दोघं खाली पेंडसे बाईंच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. पंखा बंद केला.

गिटार ऐकू येईना. मला बरं वाटलं. एवढ्यात छतातून आवाज आला. धप्, धप्, धप्, धप्.

"हाच तो!" पेंडसे बाई म्हणाल्या.

"ही गिटार नाहीये," मी म्हणालो. "त्या पायाने ठेका धरतायत."

"मग मी गिटार कधी म्हटलं? मी 'वरून आवाज येतो' असं लिहून दिलं होतं. संध्याकाळी सहा-सहा जण एकदम धरतात. गिटार मला कधीच ऐकू आली नाही."

देवधरांनी छताकडे पाहिलं. कमिटीच्या दोघांनी देवधरांकडे पाहिलं. वर मॅडम जीव ओतून वाजवत होत्या. ठेका एकदाही चुकला नाही.

सभेत क्लास चालू ठेवायचं ठरलं, जाड सतरंजी अंथरायच्या अटीवर. केबलचा ठराव रद्द झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मात्र भयंकर राग आला होता. चांगले व्हॉल्व्ह गेले, ट्रान्सफॉर्मर गेला, एका बाईचं घर बंद पडायची वेळ आली आणि एवढ्या दिवसांत पेंडसे बाईंना नेमकं काय ऐकू येतं, हे एकानेही विचारलं नाही.

देवधरांचं एक वेळ सोडा. बिघाड काय आहे हे आधी विचारायचं, यावर माझं पोट चालतं. मीही विचारलं नव्हतं.